प्रति: मॉडेल जुळलं की इमेज टाका

‘मॉडेल नंबर जुळला की ओपनडब्ल्यूआरटीची ताजी इमेज बिनधास्त टाका’ हे वर कोणीतरी लिहिलंय (ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं मोफत सॉफ्टवेअर, इमेज म्हणजे त्याची फाइल), ते निम्मंच खरं. हार्डवेअर व्हर्जनही जुळायला हवं. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन राउटर घ्या: व्ही९ (नववं हार्डवेअर व्हर्जन) मध्ये ४ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा), ३२ एमबी रॅम, व्ही१३ मध्ये ८ आणि ६४, चिपही वेगळी. नाव मात्र तेच! व्ही९ला अधिकृत इमेज १९.०७ मालिकेपर्यंतच.

मी शहाण्याने भिंतीवरचा राउटर न उतरवता खोक्यावरचं व्हर्जन वाचलं (खोकं दुसऱ्याच राउटरचं निघालं), इमेज टाकताना ती जुळत नसल्याचा इशारा आला तरी ‘फोर्स’वर (जबरदस्तीने टाका) टिक केलं. दिवे नुसते लुकलुकत राहिले. शेवटी लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ पत्ता देऊन, बूटलोडरला (राउटर चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामला) हव्या त्याच नावाची इमेज लॅपटॉपवरच्या टीएफटीपीवर (नेटवर्कवरून फाइल देणाऱ्या साध्या सर्व्हरवर) ठेवली आणि रीसेट दाबून धरून राउटर चालू केला, तेव्हा कुठे धुगधुगी आली.