काळ्या मातीच्या भागात जुन्या बुलेटची चेन आणि स्प्रॉकेट कसे निवडावे?

आर्वी_बुलेट३५० (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ओतीव लोखंडी इंजिनाची, उजव्या पायाने गिअर टाकायची वडिलांची बुलेट ३५० मी अजूनही रोज वापरतो. शेतापर्यंत पांदण रस्ता आणि पुढे आर्वीच्या बाजारापर्यंत डांबरी सडक, असे तिचे काम आहे. मागच्या चाकाचे कॅम (चाक मागे सरकवून चेन ताणायच्या खाचांच्या चकत्या) आता शेवटच्या खाचेपर्यंत आले आहेत, तरीही चेन सैल पडते आणि चढावर माल असताना दाते सोडते. गावातील मिस्त्रींच्या मते फक्त चेन बदलली तरी चालेल. चेन कोणत्या मापाची घ्यावी, ओ-रिंगची (सांध्यांत रबरी कड्या असलेली) घ्यावी की साधी, पुढचे स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) १६ ऐवजी १७ दात्यांचे बसवावे का, आणि पावसाळ्यात ग्रीस लावावे की तेल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वणी_जुन्यागाड्या

भाऊ, दुकानात जाण्यापूर्वी जुनी चेन मोजून घ्या. आपल्या बुलेटच्या मागच्या चेनचे पिच (लागोपाठच्या दोन पिनांच्या मध्यांतील अंतर) ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर असते. मात्र याच पिचमध्ये ५२० आणि ५३० अशा दोन्ही चेन मिळतात. ५२० मध्ये आतल्या पट्ट्यांमधील रुंदी १/४ इंच असते, तर ५३० मध्ये ती ३/८ इंच असते. इतक्या वर्षांत गाडीवर कोणी काय बसवले असेल हे सांगता येत नाही, म्हणून कागदावरच्या मापापेक्षा दात्यांची जाडी आणि चेनची रुंदी प्रत्यक्ष मोजलेली बरी.

झीज ओळखण्यासाठी चेन ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यापासून पुढच्या सोळाव्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. नव्या चेनमध्ये ते बरोबर २५४ मिलिमीटर, म्हणजे १० इंच भरते. २५९ च्या पुढे गेले असेल तर चेन संपली असे समजावे. लोखंडी पट्ट्या ताणून लांब होतात असे अनेकांना वाटते, परंतु प्रत्यक्षात पिना आणि बुश (पिनांभोवतीच्या नळ्या) झिजतात आणि प्रत्येक कडीतील थोडा थोडा खेळ एकत्र होऊन चेन लांबते. अशी चेन दात्याच्या मुळाशी न बसता वर सरकते आणि दात्याला आकड्यासारखा बाक येतो. त्या बाकदार दात्यांवर नवी चेन चढवली, तर तीही लवकर झिजते. म्हणून फक्त चेन बदलण्याचा सल्ला मला पटत नाही.

खर्चाची खरी अडचण मागे आहे. जुन्या बुलेटला ३८ दात्यांचे मागचे स्प्रॉकेट ब्रेक ड्रमसह एकाच ओतकामात येते, त्यामुळे दाते गेले की अख्खा ड्रम बदलावा लागतो. पुढचे स्प्रॉकेट क्लचच्या मागे असल्याने प्रायमरी केस (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचे बंद कव्हर) उघडावी लागते. ती उघडलीच आहे तर आतली दुहेरी प्रायमरी चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनरही तपासून घ्यावा.

पुसद_येझदी२५०

वरील सर्व मुद्दे मान्य आहेत. वंगणाविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात चेन मरते ती मुख्यतः मातीने. काळी माती ओली असताना चेनला लिंपली जाते. वाळली की तिची बारीक भुकटी होते आणि उघड्या चेनवरच्या जाड ग्रीसमध्ये मिसळून पॉलिशच्या लेपासारखे काम करते. शिवाय वरून थापलेले ग्रीस पिन आणि बुश यांच्यामधील फटीत पोहोचतच नाही, आणि वंगण हवे असते ते नेमके तिथे. साधी चेन असेल तर डिझेल आणि ब्रशने धुवावी, कोरडी पुसावी आणि आतल्या बाजूने ९० नंबरचे गिअर ऑइल थेंबाथेंबाने कड्यांच्या सांध्यांवर सोडावे. रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी वरचे तेल फडक्याने पुसून टाकावे. हे काम चाक हाताने फिरवूनच करावे. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोटे जातात.

ओ-रिंगच्या चेनमध्ये पिनचे ग्रीस आतच बंद राहते, त्यामुळे धुळीत ती नक्कीच जास्त टिकते. पण ती रुंद असते. जुन्या गाडीत ती प्रायमरी केसला किंवा चेन कव्हरला घासते का, हे आधी पाहावे आणि ती पेट्रोलने कधीही धुऊ नये.

जाता जाता सांगतो: येझदी मोटरसायकलचे पूर्ण बंद चेन कव्हर अनेक जण हौसेपोटी काढून टाकतात, याचे फार वाईट वाटते. या मातीत त्याच्याइतके चांगले संरक्षण दुसरे नाही.

आर्वी_बुलेट३५०

दोघांचेही आभार. आज मोजले, १६ कड्यांना २६१ मिलिमीटर भरले. रुंदी ३/८ इंच आहे. १७ दात्यांचा प्रश्न तेवढा राहिला.

वणी_जुन्यागाड्या

१७ दात्यांमुळे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ६ टक्के कमी होतात आणि सडकेवर गाडी शांत चालते. परंतु ओढ तेवढीच कमी होते. पांदणीतून माल न्यायचा असेल, तर १६ च ठेवा. नवी चेन बसवताना चेनलॉकच्या (चेनची दोन टोके जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला असू द्या. दोन्ही बाजूंचे कॅम सारख्याच खाचेत ठेवा, तरीही चाके एका रेषेत आहेत का हे दोरी लावून पाहा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवून सर्वांत ताठ जागा शोधा आणि गाडीवर माणूस बसलेला असताना तिथे २५ ते ३० मिलिमीटर ढील ठेवा. चाक मागे-पुढे सरकले की मागचा ब्रेक रॉडही पुन्हा जुळवावा लागतो, ते राहू देऊ नका.