डेकच्या फळ्या: खिळे की स्क्रू? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत आमच्या घरामागे १९९८ साली बांधलेला डेक (लाकडी ओटा) आहे, प्रेशर ट्रीटेड म्हणजे कुजू नये म्हणून दाबाखाली रसायन मुरवलेल्या पाइनचा. खालचे जॉइस्ट, म्हणजे फळ्यांना आधार देणारे वासे, पेचकस टोचून पाहिले, टणक आहेत. फळ्या मात्र बदलायलाच हव्यात. कडा उचलल्या आहेत आणि खिळ्यांची डोकी वर आली आहेत. ठोकून बसवली तरी हिवाळा गेला की पुन्हा वर येतात. आई उन्हाळ्यात इथे असते. ती डेकवर अनवाणी वावरते, पापड-कुरडयाही तिथेच वाळत घालते, त्यामुळे हे काम आता नीटच करायचं आहे.

कंत्राटदार नेलगनने रिंग शँक (अंगावर कडी असलेले) खिळे मारू म्हणतो. काम लवकर होईल, मजुरी वाचेल. शिवाय खिळा वाकतो पण तुटत नाही, स्क्रूची मुंडी तुटते, असं त्याचं म्हणणं. पण फळी फुगते-आकसते तेव्हा ती खिळ्याला वर ओढते. तिथे स्क्रूच जास्त धरून ठेवणार ना? आणि उद्या एखादी फळी कुजली तर स्क्रू काढून तेवढीच बदलता येईल. फळ्या १ इंच जाडीच्या घेणार आहे. स्क्रू किती लांबीचे आणि कशाचे घ्यावेत?

उत्तर
स्क्रूच घ्या. कंत्राटदाराचा मुद्दा खोटा नाही, पण तो जॉइस्ट हँगरला, म्हणजे जॉइस्ट धरणाऱ्या धातूच्या पट्टीला, लागू होतो. तिथे भार आडवा येतो, म्हणून हँगरचे ठरलेले खिळेच वापरायचे, डेकचे स्क्रू कधीच नाही. फळ्यांना १० नंबर जाडीचे ३ इंची स्क्रू पुरतील, प्रत्येक जॉइस्टवर दोन. ड्रायवॉलचे काळे स्क्रू कोणी सुचवले तर साफ नाही म्हणा. ते ठिसूळ असतात आणि लवकर गंजतात. हल्लीच्या ट्रीटेड लाकडात तांबं जास्त असतं, ते साध्या लोखंडाला खातं. ट्रीटेड लाकडासाठीचं कोटिंग असलेले किंवा स्टेनलेस स्क्रूच घ्या. समुद्र जवळ असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस. फळीच्या टोकाशी आधी ड्रिल करा, नाहीतर ती चिरेल. लाकूड ओलं आलं तर फळ्या एकमेकींना टेकवून बसवा, वाळल्यावर फट आपोआप पडते.

आणखी एक उत्तर
वरच्या सगळ्याशी सहमत. पण १९९८ वाचून थांबले. त्या काळच्या ट्रीटेड लाकडात बहुतेक सीसीए असायचं, म्हणजे विषारी आर्सेनिक असलेलं रसायन. घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस बंद झालं. जुन्या फळ्या कापताना मास्क लावा, भुसा गोळा करा आणि त्या अजिबात जाळू नका, शेकोटीतही नाही. काकूंना वाळवणासाठी टेबल द्या, फळ्यांवर नुसती चादर घालून नको. आणि डेक घराला जिथे जोडलाय ती लेजरची फळी नुसत्या खिळ्यांवर तर नाही ना, ते आधी बघा. तिथे बोल्ट किंवा लॅग स्क्रू (पान्याने पिळायचे जाड स्क्रू) हवेत.

धागाकर्ता
मनापासून आभार. वाळवण आजच आत घेतलं. लेजर पाहिली, बोल्ट आहेत, पण दोन नटांवर गंज दिसतोय. एकेक करून बदलले तर चालेल, की आधी खालून टेकू द्यावा लागेल?