लंडनच्या कुटुंबाने पाठवलेले ओ पेअरचे नियुक्तिपत्र खरे मानावे का?

कोथरूडकर:
माझी मुलगी २२ वर्षांची आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर गेले वर्षभर तिने रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन भाषेचे वर्ग केले. परदेशातील एखाद्या कुटुंबात राहून मुले सांभाळायची आणि त्या बदल्यात निवास, जेवण व हातखर्च घेत भाषा शिकायची, ही ओ पेअरची पद्धत तिला मैत्रिणीकडून कळली आणि तिने एका संकेतस्थळावर आपली माहिती भरली. चारच दिवसांत लंडनच्या एका कुटुंबाचे पत्र आले. ४ आणि ७ वर्षांची दोन मुले, आठवड्याला २५ तास काम, महिन्याला ९०० पौंड, स्वतंत्र खोली, शिवाय विमानाचे तिकीटही तेच काढणार. सोबत शिक्का मारलेले नियुक्तिपत्र, गृहस्थांच्या पासपोर्टची प्रत आणि कुटुंबाची छायाचित्रे आहेत. आता त्यांच्या वकिलाने ‘ओ पेअर व्हिसा’ आणि विमा यांसाठी ४८,५०० रुपये मागितले आहेत. ते भारतातल्याच एका बचत खात्यात भरायचे असून पहिल्या पगारासोबत परत मिळतील, असे लिहिले आहे. व्हिडिओवर बोलू या म्हटले की त्या बाईंचा कॅमेरा नादुरुस्त असतो. घरात यावरून रोज वाद होतो. नुसत्या संशयापोटी मुलीची संधी घालवावी, असे मला वाटत नाही. पुण्यात बसून हे कसे तपासावे?

थेम्सकाठचा पुणेकर:
शिक्का आणि कागद निरखत बसू नका, कारण ते कोणालाही तासाभरात तयार करता येतात. पहिला प्रश्न असा विचारावा की, भारतीय पासपोर्टवर त्या देशात या कामासाठी कोणता व्हिसा मिळतो. ब्रिटनमधील ओ पेअर व्हिसाचा वर्ग २००८ च्या नोव्हेंबरमध्येच बंद झाला. म्हणजे तुमचे वकील जो व्हिसा काढून देणार आहेत, तो अस्तित्वातच नाही, आणि माझ्या मते प्रकरण इथेच संपते. भारतीय तरुणांसाठी २०२३ पासून ‘यंग प्रोफेशनल्स स्कीम’ आहे, परंतु तिला १८ ते ३० वय, पदवी आणि बँकेत २,५३० पौंड लागतात, आणि सोडतीत नाव लागल्याशिवाय अर्जच करता येत नाही. त्या योजनेत कोणत्याही कुटुंबाच्या नियुक्तिपत्राची गरज नसते. व्हिसाचे शुल्क अर्जदार स्वतः सरकारी संकेतस्थळावर भरतो, ज्याचा पत्ता ‘जीओव्ही डॉट यूके’ असा संपतो. अर्ज खरोखर दाखल झाला असेल तर ‘जीडब्ल्यूएफ’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो मागून पाहा. कॅनडातही ओ पेअर नावाचा स्वतंत्र व्हिसा नाही, आणि नॉर्वेने मार्च २०२४ पासून नवे ओ पेअर परवाने देणे थांबवले आहे, हे पुढील पत्रांसाठी लक्षात असू द्यावे.

डायनासोरताई:
काका, मी जर्मनीत ओ पेअर म्हणून एक वर्ष राहून आले आहे, त्यामुळे खरा प्रस्ताव कसा असतो तेवढे सांगते. तिथे अर्जाच्या वेळी वय २७ च्या आत लागते, जर्मनची ए१ ही सर्वांत पहिली पातळी लागते आणि घरात जर्मन बोलली जावी लागते. काम आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, हातखर्च महिन्याला २८० युरो, भाषावर्गासाठी ७० युरो वेगळे, आणि आरोग्य व अपघात विमा कुटुंबाने काढायचा. तिकीट मी स्वतःच्या पैशांनी काढले होते. तिकडच्या २८० युरोंशेजारी तुमचे ९०० पौंड ठेवून पाहा.

माझ्या तिथल्या यजमान कुटुंबातील बाईंनी होकार देण्यापूर्वी तीनदा व्हिडिओवर बोलणे केले. मला सायकल येते का, रात्री मूल रडत उठले तर मी काय करीन, आधी कोणाची मुले सांभाळली आहेत, त्या घरी फोन करता येईल का, हे सर्व विचारले. त्यांच्या धाकट्याने तेवढ्या वेळात मला आपले सगळे डायनासोर दाखवले (इथले टोपणनाव त्यावरून घेतले आहे). स्वतःची दोन मुले अनोळखी मुलीच्या हाती द्यायची असताना जी आई तिचा चेहराही पाहू इच्छित नाही, तिच्या कॅमेऱ्यापेक्षा त्या मुलांच्या असण्याबद्दलच मला अधिक शंका येते. तुमच्या मुलीला त्यांनी आतापर्यंत काय काय विचारले, हे तिलाच आठवून लिहायला सांगा.

शनिवारपेठी:
इतका ऊहापोह कशाला? पैसे मागितले की फसवणूक. नियम संपला.

थेम्सकाठचा पुणेकर:
इतके सरळ नाही. जर्मनीत मध्यस्थ संस्थेला ओ पेअरकडून १५० युरोंपर्यंत शुल्क घेण्याची कायद्याने मुभा आहे. आपल्याकडे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी पाहता येते. पैसे कोणत्या कामाचे, कोणाच्या खात्यात आणि पावती कोणाच्या नावाने, हे पाहावे लागते. लंडनच्या वकिलाचे भारतात कोणा तिऱ्हाइताच्या नावाने बचत खाते, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

हडपसरवासी:
माझ्या धाकट्या बहिणीने अशाच पत्रावर ३५,००० रुपये भरले होते. आठवडाभराने ‘कर ना-हरकत’ म्हणून ६०,००० मागितले, आणि आधीचे बुडू नयेत या भीतीने तेही भरण्याच्या बेतात आम्ही होतो. कुटुंबाची छायाचित्रे गूगलवर टाकून शोधली, तेव्हा ती एका परदेशी छायाचित्रकाराच्या पानावर सापडली. त्याहून वाईट म्हणजे, विश्वास बसावा म्हणून त्यांनी पाठवलेला पासपोर्ट बहुधा आधी फसलेल्या कोणाचा तरी असावा. तुमच्या मुलीने आपल्या पासपोर्टची प्रत पाठवली असेल, तर पुढच्या मुलीला ती दाखवली जाऊ शकते, म्हणून पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वीच ती रोखता येते. ईमेल पुसू नका.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. काल मुलीनेच त्यांना व्हिसा अर्जाचा क्रमांक विचारला. क्रमांक आला नाही, उलट आजच भरल्यास १०,००० रुपयांची सवलत मिळेल, असे वकीलसाहेबांनी कळवले. सरकारी शुल्कात सवलत हे वाचून ती स्वतःच हसली. पासपोर्टची प्रत मात्र तिने पाठवलेली आहे, त्यामुळे उद्या तक्रार नोंदवतो. आता ती जर्मनीचाच विचार करते आहे. अर्जासाठी वर्गाचे प्रमाणपत्र चालते का?

डायनासोरताई:
मी मॅक्स म्युलर भवनात गोएथे संस्थेची ए१ परीक्षा देऊन ते प्रमाणपत्र जोडले होते. परीक्षेच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे कुटुंब शोधण्याआधी तिची तारीख घेऊन ठेवावी.