मदत हवी आहे: एका दिवसात तीन मॅच खेळून मुली मोडल्यात, पुढची स्पर्धा दहा दिवसांवर

खतावणी

नमस्कार. आधीच सांगते, मला बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही. सांगलीत एका कॉलेजात अकाउंट्स शिकवते. मुलींच्या संघाबरोबर एक प्राध्यापिका लागतेच, म्हणून तीन वर्षांपूर्वी जिमखान्याच्या सरांनी माझं नाव टाकलं, ते अजून काढलेलं नाही. पात्रतेचे फॉर्म, ओळखपत्रं, पाण्याच्या बाटल्या आणि मुलींच्या आयांचे फोन हे माझं खातं. कोच मानधनावर आहेत, सकाळी सहा ते साडेसात येतात. बाहेरगावी त्यांना सुट्टी मिळेलच असं नाही.

गेल्या आठवड्यात विभागीय स्पर्धा झाली. होती दोन दिवसांची. पहिल्या दिवशी परतीचा पाऊस असा काही कोसळला की एकही मॅच झाली नाही. सिमेंटचं उघडं कोर्ट, रिंगखाली तळं. तिसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिकल परीक्षा, त्यामुळं पुढं ढकलायला जागाच नव्हती. मग सगळं दुसऱ्या दिवसावर. पोरांनी सकाळी गोणपाटानं पाणी टिपलं, वर लाकडाचा भुसा टाकला. आमची पहिली मॅच साडेनऊला, दुसरी साडेबाराला आणि फायनल चार वाजता.

फॉर्म बारा जणींचे भरले होते, आल्या आठ. बाकीच्यांच्या परीक्षा, एकीच्या घरी लग्न.

सवयीनं मी वहीत प्रत्येकीची मिनिटं लिहीत होते. चाळीस मिनिटांची मॅच (दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर), एका वेळी पाच जणी, म्हणजे मॅचला २०० मिनिटं. तीन मॅचची ६००. घरी येऊन बेरीज मारली. पाच मुख्य मुली: ११७, १०८, १०४, ९९, ९६. बाकीच्या तिघी: ४१, २४, ११. १२० पैकी ११७ मिनिटं खेळलेली मुलगी आमची पॉइंट गार्ड. सगळा खेळ तिच्याच हातातून जातो, म्हणून तिला कुणी बाहेर बसवत नाही.

फायनलला तीन क्वार्टर संपले तेव्हा आम्ही ९ गुणांनी पुढं होतो. चौथ्या क्वार्टरमध्ये आमचे गुण झाले ५. दोन गुणांनी कशाबशा जिंकलो. सकाळी डोळे झाकून फ्री थ्रो टाकणाऱ्या त्याच मुलीचा चेंडू संध्याकाळी रिंगला शिवतही नव्हता, फूटभर अलीकडं पडत होता. एकीच्या पोटरीत गोळा आला. शेवटच्या तीन मिनिटांत आमच्या उंच मुलीचा घोटा मुरगळला, आणि तेही कुणी धक्का न देता. रिबाउंड, म्हणजे रिंगला लागून परत आलेला चेंडू, घेऊन नुसती खाली आली आणि पाय वाकडा पडला.

ट्रॉफी घेतल्यावर सगळ्या फोटो काढत होत्या. गार्ड पायरीवर बसून बुटाची लेस सोडवायचा प्रयत्न करत होती, बोटं चालेनात. शेवटी मी खाली बसून सोडवली. मोजा काढला तर टाचेचं कातडं त्याच्याबरोबर आलं. ती म्हणाली, "मॅडम, कोचना सांगू नका हं."

आता आंतरविभागीय साताऱ्याला. पहिल्या दिवशी दोन मॅच, दुसऱ्या दिवशी सेमी, आणि जिंकलो तर दुपारीच फायनल. म्हणजे पुन्हा दोन दिवसांत चार. कोच म्हणतात, "हे असंच असतं, तरुण आहेत, खेळतील." असेल. पण मला विचारायचंय की या दहा दिवसांत आणि त्या दोन दिवसांत माझ्यासारखीनं नेमकं काय करावं? खायला काय द्यावं, किती खेळवावं, पाय मुरगळलेलीला न्यावं का? आणि वेळापत्रकाबद्दल कुणाशी बोलून काही उपयोग होतो का? पहाटेच्या एसटीनं निघून नऊची मॅच खेळायची असं सध्या ठरलंय.

जुना_पोस्ट

मॅडम, आमच्या वेळी दिवसात तीन-तीन मॅच व्हायच्या आणि रात्री कॉलेजच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपायचो. कुणी मिनिटं मोजली नाहीत.

खतावणी

काका, आणि गुडघे कसे आहेत आता?

जुना_पोस्ट

उजवा गुडघा हवामान खात्याच्या आधी पाऊस सांगतो. सापडलो. 😀

आता खरं बोलतो. आमचा खेळ हळू होता. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ आणि चेंडू टाकायला ३० सेकंद. २००० साली नियम बदलले, दहा मिनिटांचे चार क्वार्टर आणि २४ सेकंद झाले. पळापळ वाढली. तेव्हा आमचं उदाहरण घेऊ नका.

कामाचं सांगतो. ड्रॉ, म्हणजे कुणाची मॅच कुणाशी ते, पडायच्या आधी मॅनेजर मीटिंग होते. तिथं बहुतेक मॅनेजर चहा पिऊन सही करतात. तुम्ही उठून बोला. "वेळापत्रक बदला" असं म्हणू नका, कुणी ऐकणार नाही. "एकाच संघाच्या दोन मॅचमध्ये किमान तीन-चार तासांचं अंतर ठेवा, मधे मुलांच्या मॅच घाला" एवढंच म्हणा. यजमानांचा एक पैसा जात नाही आणि फायदा सगळ्यांचाच, त्यामुळं दुसरे मॅनेजरही मान हलवतात. जमलं तर अर्ज लेखी द्या. कागद असला की पंच आणि आयोजक दोघंही जपून बोलतात.

आणि पहाटेची एसटी रद्द करा. आदल्या संध्याकाळी पोचा.

मिरज_फिजिओ

खतावणीताई, लेसची गोष्ट वाचून थांबलेच. त्या बोटांना झालंय ते नुसतं दमणं नव्हे. अंगात मीठ-पाणी आणि साखर दोन्ही संपल्यावर असं होतं.

आधी घोटा. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही ती चार पावलं स्वतःच्या पायावर टाकू शकली का? दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोट दाबलं तर कळ येते का? यातलं काही बिनसलं असेल तर एक्स-रे काढाच. ठीक असेल तर एका पायावर तोल सांभाळून उभं राहायचा व्यायाम आजपासून, दिवसातून दोन-तीनदा, दात घासताना केला तरी चालेल. साताऱ्याला न्यायचं का, याचं उत्तर ती स्वतः देईल: त्याच पायावर दहा उड्या, मग पळणं, मग पळता पळता झटकन वळणं. यात लंगडली तर बेंचवर. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, म्हणून उतरवलीत तर टेपिंग किंवा ब्रेस लावूनच.

खाणं. स्नायूंमधला साखरेचा साठा एका मॅचमध्ये बराच उतरतो आणि तो पूर्ण भरायला साधारण चोवीस तास लागतात. तुमच्याकडं तीन तास आहेत. म्हणून मॅच संपल्या संपल्या, घाम पुसायच्या आधी खायला द्या. वजनाच्या दर किलोला तासाला एक ग्रॅम कार्बोहायड्रेट असा हिशोब असतो. पन्नास किलोच्या मुलीला पन्नास ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम केळी. तासाभरानं दहीभात किंवा गुळाची पोळी. दोन मॅचच्या मधे ती रस्सा-तर्रीची थाळी नको, ती रात्री. भडंग मुलींना आवडतंच, पण तेल आणि शेंगदाणे कमी असलेलं घ्या, मीठ आयतं मिळतं.

पाणी: नुसती ग्लुकोज पावडर देऊ नका, त्यात मीठ जवळपास नसतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाणी घालून दाट करायचं नाही. पहिल्या मॅचच्या आधी आणि नंतर वजनकाट्यावर उभं करा. एक किलो उतरलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्यायला हवं, घोटघोट.

आणि हात जोडून सांगते, दुखतंय म्हणून मॅचच्या आधी पेनकिलर वाटू नका. घामानं सुकलेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात, शिवाय दुखणं झाकल्यामुळं मुलगी मोडक्या पायावर खेळत राहते.

जाता जाता: हिमोग्लोबिन तपासून घ्या सगळ्यांचं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी असतं. १२ च्या खाली असेल तर "स्टॅमिना नाही" म्हणून तिला ओरडण्यात अर्थ नाही. दहा दिवसांत ते वाढणार नाही, पण कुणाला किती खेळवायचं ते ठरवता येईल.

दंडोबा

मूळचा मिरजेचा, सध्या अमेरिकेत कनेक्टिकटला. इथं या विषयावर दरवर्षी मार्चमध्ये वाद होतो. कॉलेजांच्या विभागीय लीगची स्पर्धा सलग चार-पाच दिवस चालते, रोज एक मॅच. २०११ मध्ये इथल्याच यूकॉनच्या (कनेक्टिकट विद्यापीठाच्या) मुलांनी बिग ईस्ट या लीगच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच मॅच जिंकल्या आणि पुढं राष्ट्रीय विजेतेपदही घेतलं. २०२४ मध्ये एनसी स्टेट या विद्यापीठानं तसंच पाच दिवसांत पाच जिंकून एसीसी या दुसऱ्या लीगचं विजेतेपद काढलं. या कथा सगळे सांगतात.

दुसरी बाजू कमी सांगतात. २००९ मध्ये त्याच बिग ईस्ट स्पर्धेत सिराक्यूज विद्यापीठ आणि यूकॉनची मॅच सहा ओव्हरटाइमपर्यंत (बरोबरी झाली की पाच मिनिटं जास्तीची) गेली. सिराक्यूजचा गार्ड जॉनी फ्लिन ७० पैकी ६७ मिनिटं खेळला. जिंकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओव्हरटाइम, तीही जिंकले. तिसऱ्या दिवशी फायनल लुईव्हिलविरुद्ध, तिथं हरले. तुमच्या ११७ मिनिटांवरून तेच आठवलं.

आणखी एक गंमत. इथं वरचे मानांकित संघ पहिल्या फेऱ्या खेळतच नाहीत, थेट पुढं येतात. यूकॉन २०११ मध्ये नवव्या मानांकनावर होतं म्हणून पाच मॅच वाट्याला आल्या. दमणूक खालच्यांच्या पदरात. आपल्याकडं निदान पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो.

गल्ली_ते_रिंग

दंडोबाभाऊ, त्यांच्याकडं दिवसाला एकच मॅच, लाकडी कोर्ट, संघाबरोबर फिजिओ आणि रात्री हॉटेलची गादी. आपल्याकडं सिमेंट, आणि दिवसाला दोन-तीन मॅच. तुलना लांबची आहे.

खतावणी मॅडम, मी साताऱ्यात शाळेच्या पोरी खेळवतो. कोच नसतील तर हे लक्षात ठेवा. गार्डला प्रत्येक क्वार्टरला दोन-अडीच मिनिटं बाहेर काढायचंच, स्कोअर काहीही असो. क्वार्टर संपायच्या दोन मिनिटं आधी काढलंत की मधल्या ब्रेकसकट तिला दुप्पट विश्रांती मिळते. बदली कितीही वेळा करता येते, त्यात कंजूषी नको. टाइमआउट पहिल्या हाफला दोन, दुसऱ्याला तीन असतात. रणनीती सांगायला वापरू नका, पाणी पाजायला वापरा.

पुढं असाल तर फुल कोर्ट प्रेस, म्हणजे पूर्ण मैदानभर मागं लागून चेंडू अडवणं, बंद. झोन लावा, म्हणजे प्रत्येकीनं आपापली जागा राखायची, आणि हल्ल्यात २४ पैकी १८ सेकंद चेंडू फिरवा. बघायला कंटाळवाणं, पण पाय वाचतात. आणि ११ मिनिटं खेळलेल्या मुलीला पहिल्या सोप्या मॅचमध्येच वीस मिनिटं द्या. सेमीत एकदम ढकललीत तर ती घाबरून चेंडू सोडून देईल, आणि तुम्ही म्हणाल बघा, बेंच उपयोगाचा नाही.

या दहा दिवसांत सराव अर्ध्यावर आणा. शूटिंग करा, पळवू नका.

मिरज_फिजिओ

+१. आणि झोप राहिली होती सांगायची. स्टॅनफर्डच्या ११ कॉलेज बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं, २०११ मध्ये तो अभ्यास छापून आला. फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी सुधारली, पळण्याचा वेगही. अकराच खेळाडू, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळं ब्रह्मवाक्य नव्हे. पण फुकट उपाय आहे. मोबाइल दहाला तुमच्या पर्समध्ये.

खतावणी

सगळ्यांचे आभार. मोबाइल पर्समध्ये घेण्याचा प्रस्ताव सोडून बाकी सगळं मुलींनी मान्य केलं.

खतावणी (बारा दिवसांनंतर)

जाऊन आलो. दहा जणी आल्या. आदल्या रात्री मुक्कामाला पैसे मंजूर नव्हते, पण एका माजी विद्यार्थिनीचं सासर पोवई नाक्याजवळ निघालं. तिच्या सासूबाईंनी दहा पोरींना हॉलमध्ये झोपवलं आणि वर कंदी पेढे दिले.

मीटिंगमध्ये उभी राहिले, पाय लटपटत होते. जुना_पोस्ट काकांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. दोन मॅनेजर लगेच "बरोबर आहे" म्हणाले. पहिल्या दिवशी दोन मॅचमध्ये साडेचार तास मिळाले.

पहिल्या दोन मॅच जिंकलो, सेमी सहा गुणांनी हरलो. वहीतला हिशोब: गार्ड ३१, २९, ३४, एकूण ९४. गेल्या वेळी जिला ११ मिनिटं मिळाली होती तिला या वेळी ३८, आणि सेमीत तिनं एक लेअप (पळत रिंगखाली जाऊन टाकलेला चेंडू) असा टाकला की समोरच्या संघाच्या कोचनंही टाळी वाजवली. घोटावाली सहा उड्यांनंतर लंगडली, तिला नाही खेळवलं. ती दोन्ही दिवस बेंचवर बसून केळी सोलत होती.

सेमीच्या चौथ्या क्वार्टरमध्ये चार मिनिटं राहिली असताना मी गार्डला बाहेर काढलं. तेव्हा आम्ही तीननं मागं होतो. ती परत आत गेली तेव्हा सातनं. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही, कोचही नाराज आहेत. तिला काढायला नको होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. बुटाची लेस मात्र या वेळी तिनं स्वतः सोडवली.

आता एक नवी अडचण. चार डझन केळी, ओआरएस, दही यांचं बिल जिमखान्यात लावलं तर ऑफिस म्हणतं पक्की पावती आणा. साताऱ्याच्या हातगाडीवाल्याची पक्की पावती कुठून आणू? अकाउंट्स मीच शिकवते, हसू नका.

जुना_पोस्ट

साध्या व्हाउचरवर तारीख, रक्कम, "किरकोळ खरेदी" लिहा, खाली दोन मुलींच्या सह्या आणि रेव्हेन्यू स्टॅम्प. आमच्या वेळीही हेच चालायचं.