हातात की ट्रायपॉडवर? शार्प फोटोचे अनुभव

मंडळी, "ट्रायपॉड घेतला तरी फोटो सॉफ्टच (पुसटच) येतो" ही तक्रार पुण्यातल्या प्रत्येक फोटोवॉकला ऐकू येते. आपापल्या कामातलं नेमकं लिहा. ब्रँडची भांडणं नकोत.

टेकडीकर: आधी फोटो १०० टक्के मोठा करून बघा. दिव्यांचे ठिपके एकाच दिशेला ओढले गेलेत? कॅमेरा हललाय. मागचं सगळं खणखणीत आणि माणूस पुसट? माणूस हललाय. कान शार्प, डोळा नाही? फोकस चुकलाय, त्याला ट्रायपॉड काय करणार! फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ १.८, अंतर दीड मीटर असेल तर शार्प पट्टा साधारण तीन सेंटिमीटरचा. मधल्या पॉइंटवर फोकस धरून फ्रेम फिरवली किंवा उभ्याउभ्या जरा डोललात, की डोळा पट्ट्याबाहेर. फोकस पॉइंट थेट डोळ्यावर न्या, कंटिन्यूअस मोड (फोकस सतत जुळवत राहणारा) लावा, तीन-चार फ्रेम सलग घ्या.

ढोलताशा: विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर तीन पाय कुठे पसरणार? ढोलाचं टिपरू गोठवायचं तर शटर १/५०० सेकंद तरी हवं. स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, वादकाचा नाही. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० ला नेल्यावर येणारे दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

टेकडीकर: आणि हातात धरून किमान शटर '१ भागिले फोकल लेन्थ' सेकंद, हा हिशेब फुलफ्रेमचा. १.५ क्रॉपच्या (दीडपट लहान सेन्सरच्या) बॉडीवर २०० मिमीला १/३२० धरा. मेगापिक्सेल जास्त असतील तर त्याहून वेगवान.

नदीकाठ: रात्री पुलावरून लाँग एक्स्पोजर (शटर काही सेकंद उघडं) करताना ट्रायपॉडखाली पूलच थरथरतो, बस गेली की दहा-पंधरा सेकंद थांबा, नाहीतर काठावर उतरा. पाय उघडताना जाड भाग आधी, बारीक शेवटी. मधला दांडा वर काढूच नका, तो काढला की तिपाईची एकपायी होते. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) दहापट मोठा करून दूरच्या दिव्यावर हाताने फोकस, मग ऑटोफोकस बंद, दोन सेकंदांचा टायमर. डीएसएलआरला १/३० ते १/४ च्या आसपास आरशाचा धक्का जाणवतो, तेव्हा मिरर लॉक-अप (आरसा आधीच वर उचलून ठेवणं) लावा. जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करा. नसलेली हालचाल शोधत ते स्वतःच फोटो हलवतं. सिंहगडावर वाऱ्यात मधल्या हुकला बॅग अडकवताना तिचा तळ जमिनीला टेकू द्या. लोंबकळली तर झोका होतो.

लेणीवाला: पाताळेश्वर लेणं पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. तीही झंझट नको तर खांबाला पाठ टेका, कोपरं बरगड्यांना, श्वास सोडून बटण दाबा. वाइड लेन्सला १/१५ जमतं.

भिगवण: होडीत ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर थेट लेन्सपर्यंत येते. होडीच्या कडेवर तांदूळ भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा, इंजिन बंद करायला सांगा. उडत्या फ्लेमिंगोला १/२०००.

टेकडीकर: ट्रायपॉड नसेल तर कॅमेऱ्याच्या तळाशी बसणाऱ्या पाव इंची स्क्रूला दोरी बांधा, टोक बुटाखाली दाबून कॅमेरा वर ताणा. वरखाली हलणं बरंच कमी होतं. दोरी सुतळीच घ्या, इलॅस्टिक ताणलं जातं.