आकुंचन, प्रसरण आणि दंडातली बेटकुळी

मूळ प्रश्न

गेल्या महिन्यात मुंबईतील एका रुग्णालयासाठी गुडघ्याच्या व्यायामांचे चार पानी पत्रक मराठीत लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. त्यातील पहिला व्यायाम अगदी साधा आहे. पलंगावर पाय सरळ ठेवून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवायची, मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करून गुडघ्याने टॉवेल दाबायचा, पाच आकडे मोजायचे आणि सोडून द्यायचे. मी सवयीने ‘मांडीच्या स्नायूचे आकुंचन करावे, पाच आकडे मोजावेत व नंतर प्रसरण करावे’ असे लिहिले. कच्चा मसुदा घेऊन बाह्यरुग्ण विभागात बसलो असता परळहून आलेल्या एका आजींनी तो मोठ्याने वाचत व्यायाम करून दाखवला. आकुंचनापाशी त्यांनी गुडघा वाकवून पाय पोटाशी घेतला आणि प्रसरणापाशी तो सरळ लांब केला. जो व्यायाम पाय जागचा न हलवता करायचा, त्यात पाय दोन वेळा हलला होता. मी समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “अरे बाळा, मग मांडी आवळायची असं सरळ लिही की.”

तेव्हापासून मला या जोडशब्दाविषयी शंका आहे. शाळेत आपण हे दोन्ही शब्द धातूंच्या संदर्भात शिकतो. उष्णतेने रूळ प्रसरण पावतात म्हणून त्यांच्या सांध्यांत फट ठेवतात, हे वाक्य प्रत्येकाच्या डोक्यात पक्के बसलेले असते. स्नायूचे आकुंचन हे त्याच अर्थाचे आकुंचन आहे का, आणि स्नायू खरोखर ‘प्रसरण पावतो’ का? दुसरी अडचण ‘मांसपेशी’ या शब्दाची आहे. हिंदी जाहिरातींमुळे तो मुंबईच्या मराठीत सर्रास येऊ लागला असून, एका रुग्णाने मला ‘म्हणजे रक्तातल्या पेशींसारख्याच का?’ असे विचारले. आणि आतड्यांच्या व रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूंना ‘मृदू स्नायू’ म्हणावे की आणखी काही, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद 1

मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि दर वर्षी याच शब्दांपाशी अडखळते. आपली शंका योग्य आहे. धातू आकुंचन पावतो तेव्हा त्याचे आकारमान घटते, स्नायूचे मात्र जवळजवळ घटत नाही. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच अभ्यासकाने बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत ठेवून तो आवळल्यावर आकारमान वाढत नाही असे दाखवले होते. नसांतून, म्हणजे मज्जातंतूंतून, काही तरी वाहत येऊन स्नायू फुगतो, ही त्या काळची समजूत होती. दंडातली बेटकुळी फुगल्यासारखी दिसते खरी, परंतु तो स्नायू जितका आखूड होतो तितकाच जाड होतो, एवढाच त्याचा अर्थ.

आत काय घडते ते पाहिले तर ‘आखूड होणे’ हासुद्धा वरवरचा अर्थ ठरतो. अस्थिस्नायूच्या, म्हणजे हाडांना जोडलेल्या स्नायूच्या, तंतूमध्ये ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक आणि मायोसिन या प्रथिनाचे जाड असे धागे एकाआड एक रचलेले असतात व सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचेच आडवे पट्टे दिसतात. ॲन्ड्र्यू हक्सली व रोल्फ नीडरगेर्के, तसेच ह्यू हक्सली व जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी 1954 साली स्वतंत्रपणे असे मांडले की स्नायू आवळतो तेव्हा यांतील एकही धागा आखूड होत नाही, तर ते एकमेकांवरून सरकतात. विहिरीतून पोहरा ओढताना आपण दोर पकडतो, खेचतो, सोडतो आणि पुढे पकडतो, त्या वेळी दोराची लांबी कमी होत नसते. मायोसिनची डोकी ॲक्टिनवर नेमके हेच करतात. नसेचा संदेश आला की तंतूच्या आत साठवलेले कॅल्शियम सुटते, ॲक्टिनवरील झाकलेल्या जागा उघडतात आणि पकड सुरू होते.

पकड सोडवण्यासाठीही एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रसायन, लागते आणि कॅल्शियम परत कोठारात भरण्यासाठीही लागते, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. मृत्यूनंतर एटीपी संपते, पकड सुटत नाही आणि देह ताठर होतो. स्नायूचे सैल पडणे फुकट होत नसते. मात्र सैल पडलेला स्नायू स्वतःहून लांब होत नाही. स्नायूला ओढता येते, ढकलता येत नाही. त्याला पुन्हा लांब करण्याचे काम समोरचा स्नायू, वजन किंवा गुरुत्वाकर्षण करते. म्हणून ‘स्नायू प्रसरण पावतो’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकेत खोडते. ही जोडी हृदयाच्या कप्प्याला शोभते, कारण कप्पा रक्ताने भरताना खरोखर मोठा होतो. माझ्या मते ती तिथूनच बाकीच्या स्नायूंना चिकटली असावी.

आपल्या पत्रकातील व्यायामात तर स्नायूची एकूण लांबीही जवळजवळ बदलत नाही, फक्त ताण वाढतो. विरार लोकलमध्ये वरची कडी धरून पाऊण तास उभे राहिलेल्याच्या हाताला हा प्रकार चांगला ठाऊक असतो. आखूड होणे आणि लांबी न बदलता ताणणे यांनंतरचा तिसरा प्रकार सर्वांत विचित्र आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीची लिफ्ट दोन दिवस बंद होती आणि मी सोळा मजले चढून-उतरून काढले. चढताना धाप लागली, परंतु तिसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या त्या मुख्यतः उतरण्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचा भार आवरून धरत असतो आणि तो आवळलेला असतानाच ताणून लांब होत असतो. यालाही शास्त्रात आकुंचनच म्हणतात! लांब होणारे आकुंचन हे कोणत्या तोंडाने विद्यार्थ्यांना सांगावे?

प्रतिसाद 2

मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक आहे. आजींनी केले ते शब्दाला धरूनच होते, हे नोंदवावेसे वाटते. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या आचार्यांनी कर्माचे, म्हणजे हालचालीचे, पाच प्रकार सांगितले आहेत: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. तेथे सरळ वस्तू वाकणे म्हणजे आकुंचन आणि वाकलेली सरळ होणे म्हणजे प्रसारण. गुडघा वाकवला ते आकुंचन, पाय लांब केला ते प्रसारण. गंमत अशी की मांडीचा पुढचा स्नायू आवळला की गुडघा सरळ होतो, म्हणजे स्नायूचे आकुंचन हेच पायाचे प्रसारण ठरते. एकच शब्द अवयवालाही लावला आणि स्नायूलाही लावला की असा गोंधळ अटळ आहे. ‘प्रसारण’ हा शब्द तर आता आकाशवाणीकडे गेला, त्यामुळे तो परत मागण्यात अर्थ नाही.

‘स्नायू’ची कथा याहून मोठी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 500 पेशी आणि 900 स्नायू अशी वेगवेगळी गणना आहे. तेथे पेशी म्हणजे मांसाचा पिंड, आज आपण ज्याला स्नायू म्हणतो तो, आणि स्नायू म्हणजे बांधणारी दोरी, आजच्या भाषेत अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारा) व कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी). फळ्या दोरांनी घट्ट बांधलेली नाव जसा पाण्यात भार वाहते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर भार वाहते, अशी उपमा तेथे दिली आहे. पुढे प्रत्येक भाषेने हे शब्द आपापल्या परीने वाटून घेतले. हिंदीने ‘पेशी’ मांसाकडे ठेवली आणि सूक्ष्म घटकाला ‘कोशिका’ म्हटले. मराठीने ‘स्नायू’ मांसाकडे नेला आणि ‘पेशी’ त्या सूक्ष्म घटकाला दिली. बंगालीत तर ‘स्नायु’ म्हणजे संदेश वाहणारी नस. म्हणून मराठी मजकुरात ‘मांसपेशी’ लिहिणे हे संस्कृतच्या दृष्टीने चूक नसले तरी वाचकाच्या दृष्टीने चूक आहे, कारण त्याच्या मनात पेशीची जागा आधीच भरलेली आहे. आपण ‘स्नायू’वर ठाम राहावे, आणि सूक्ष्म घटक सांगायचा असेल तेव्हा ‘स्नायुपेशी’ म्हणावे.

प्रतिसाद 3

प्रसूतिगृहात माझी तीस वर्षे गेली, त्यामुळे ‘मृदू स्नायू’ हा शब्द ऐकला की मला हसू येते. कळ आली की पोटावर हात ठेवून पाहावे, गर्भाशय दगडासारखे घट्ट लागते. या स्नायूंना आडवे पट्टे नसतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली सपाट दिसतात, म्हणून त्यांना इंग्रजीत गुळगुळीत म्हटले गेले, आणि मराठीत येताना गुळगुळीतचे मृदू झाले. शाळेच्या पुस्तकांतील ‘अपट्टकी’ किंवा जुन्या पुस्तकांतील ‘अरेखित’ हे शब्द कानाला रुक्ष असले तरी निदान खोटे बोलत नाहीत. ‘अनैच्छिक’ म्हणून भागवावे असेही काहींना वाटते, परंतु हृदयाचा स्नायू पट्ट्यांचा असूनही आपल्या इच्छेने चालत नाही.

बोलीने मात्र हा भेद शास्त्राआधीच ओळखला आहे असे मला वाटते. पोटरीत गोळा येतो, वांब येते, पाठीत उसण भरते, ही सगळी हाडांना जोडलेल्या स्नायूंची दुखणी आहेत. आतड्याला मुरडा पडतो, गर्भाशयाला कळा आणि वेणा येतात. कळ चढते, टिकते आणि उतरते, गोळ्यासारखी एकदम झडप घालत नाही, आणि अरेखित स्नायूंची संथ चाल या क्रियापदांत अचूक पकडली गेली आहे. भीतीने वा थंडीने अंगावर काटा उभा राहतो तोही केसाच्या मुळाशी असलेल्या अशाच चिमुकल्या स्नायूचा खेळ आहे. ‘रोमांच’ हा शब्द वापरताना कुणाच्या मनात स्नायू येत असेल का?

प्रतिसाद 4

मी लालबागच्या एका व्यायामशाळेत मुलांना शिकवतो. आमच्याकडे मुले ‘मसल’ म्हणतात, वस्ताद मंडळी ‘पीळ’ म्हणत आणि पिळदार शरीर हा शब्द दोघांनाही चालतो. माझी शंका ‘अंग आंबणे’ या प्रयोगाविषयी आहे. दीर्घ खंडानंतर जोर-बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी अंग आंबून जाते, आणि मुले लगेच सांगतात की स्नायूंत आम्ल साचले. शब्द आणि शास्त्र इतके जुळते का?

प्रतिसाद 5

प्रतिसाद 1 मीच लिहिला होता. शब्द सुंदर आहे, पण शास्त्र जुळत नाही. मुले ज्याला आम्ल म्हणतात ते लॅक्टेट साधारण तासाभरात ओसरते आणि दुखणे 24 ते 72 तासांत शिगेला पोहोचते, त्यामुळे ते त्याचे कारण असू शकत नाही. भार आवरून धरत लांब झालेल्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिच्यामागून दाह येतो, ते हे दुखणे. बैठकीत खाली जाताना हेच घडते. नंतर केलेली तीच मेहनत कमी दुखवते, कारण स्नायू तिला सरावतो.

‘शरीर कमावणे’ हे क्रियापद मला आकुंचनापेक्षा जास्त शास्त्रीय वाटते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः नसा अधिक तंतूंना एकाच वेळी कामाला लावू लागतात म्हणून. बेटकुळी त्यानंतर दिसू लागते. तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, आहेत तेच तंतू जाड होतात. रोज धावणाऱ्याच्या स्नायूंत जाडीपेक्षा केशवाहिन्या आणि तंतुकणिका (पेशीतील ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक) वाढतात.

अरेखित स्नायू जोर मारत नाहीत, तरी व्यायामाला उत्तर देतात. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त सोडते व त्यातील साधारण पाचवा हिस्सा अस्थिस्नायूंकडे जातो. जोरदार व्यायामात हा हिस्सा 80 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. काम करणाऱ्या स्नायूंतील धमनिकांच्या भिंतीचे स्नायू सैल पडतात आणि आतड्यांकडील आवळतात, म्हणून हे शक्य होते. भरल्या पोटी व्यायाम करू नये असे घरचे म्हणतात, त्याला या वाटणीचाही आधार आहे. आणि अरेखित स्नायू वाढतच नाही असेही नाही, हे प्रसूतिगृहातील बाईंना मी काय सांगावे? एरवी सुमारे 70 ग्रॅमचे असलेले गर्भाशय नऊ महिन्यांत सुमारे एक किलोचे होते, आणि यात मोठा वाटा तंतू लांब व जाड होण्याचा असतो.

मूळ लेखकाचे उत्तर

सर्वांचे आभार. पत्रकात आता असे वाक्य आहे: ‘पाय सरळ आणि स्थिर ठेवून मांडीचा पुढचा स्नायू आवळा, गुडघ्याने टॉवेल दाबा, पाच आकडे मोजा आणि मांडी सैल सोडा.’ ‘प्रसरण’ सगळीकडून काढले असून शास्त्रीय परिच्छेदात ‘आकुंचन’ व ‘शिथिलन’ ही जोडी ठेवली आहे. ‘मांसपेशी’ कुठेच नाही. गर्भाशयाचा विषय या पत्रकात येत नाही, तरी पुढच्या कामासाठी ‘अरेखित’ हा शब्द मी टिपून ठेवला आहे.

एक वाक्य अजून अडले आहे. खुर्चीवर हळूहळू बसण्याच्या व्यायामात स्नायू आवळलेला ठेवूनच तो लांब होऊ द्यायचा असतो. त्यासाठी मी सध्या ‘भार आवरत खाली बसा’ असे लिहिले आहे. लालबागच्या गुरुजींनी बैठकीतील खाली जाण्याच्या या भागाला तालमीत वेगळा शब्द आहे का ते सांगावे, कारण पत्रक छापायला शुक्रवारी द्यायचे आहे.