ऑनलाइन थेरपी: माणूस कसा निवडायचा, बोलायचं कुठे, कुठल्या भाषेत? (इंदूर)

लोकमान्यनगर_इंदूर:
नमस्कार मंडळी. ऑनलाइन थेरपी सुरू करायची आहे. त्रास रोजच्यातलेच: रात्री दोन-दोन तास झोप न लागणं, ऑफिसचा मेसेज आला की छातीत धस्स होणं, घरच्यांवर उगाच चिडचिड. माणूस खरंच शिकलेला आहे हे तपासायचं कसं? इंदुरातला हिंदी बोलणारा घ्यावा की पुण्या-मुंबईकडचा मराठी? आणि घरात सासू-सासरे, मुलं, दोनच खोल्या. बोलायचं कुठे?

रामबागकर:
ताई, ‘थेरपिस्ट’, ‘काउन्सेलर’ अशी पाटी कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र १९९२च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि आरसीआयच्या वेबसाइटवर नाव व क्रमांक जुळतात का ते स्वतः बघा. एम.ए. करून समुपदेशन करणारे पुष्कळ जण या यादीत नसतात, आणि त्यांतले बरेच जण उत्तम काम करतात. त्यांना विचारा: कुठल्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय, आणि तुमच्या कामावर कुणा वरिष्ठांची देखरेख आहे का? ‘अनुभव खूप आहे’ एवढंच उत्तर आलं तर दुसरं नाव शोधा.

पहिल्याच फॉर्ममध्ये तुमचा पत्ता आणि जवळच्या माणसाचा फोन मागितला तर दचकू नका. लांब बसलेल्या माणसाला वेळप्रसंगी मदत कुठे पाठवायची हे ठाऊक असायला हवं. जो हे विचारतच नाही, त्याच्याबद्दल शंका घ्यावी. दहा सेशनचं पॅकेज आधीच विकत घेऊ नका. एक घ्या, मग ठरवा. सेशन रद्द करायचं असेल तर किती तास आधी कळवायचं आणि रेकॉर्डिंग होतं का, हेही लेखी विचारून घ्या.

आता भाषा. आपल्याकडे मराठी घरांत ऑफिस आणि बाजार हिंदीत चालतो, पण आईची बोलणी मराठीतच खाल्लेली असतात. ‘बेचैनी होती है’ म्हटलं की सगळं एका पोत्यात जातं. धास्ती, हुरहूर, घालमेल, कोंडमारा हे वेगवेगळे आहेत, आणि थेरपीत त्यांची कामंही वेगळी. धास्ती पुढे काय होईल याची असते, तिथे विचार तपासावा लागतो. कोंडमारा न बोललेल्या गोष्टीचा, तिथे बोलण्याची तयारी करावी लागते. पहिल्या कॉलला मागची वाईट रात्र सांगून बघा. मनात भाषांतर करत बोलावं लागलं तर माणूस बदला. हिंदी थेरपिस्ट बाकी सगळ्या बाबतीत आवडला, तर वाक्य जसं मनात आलं तसं मराठीत बोला आणि मग त्याचा अर्थ सांगा. ऐकणारा थांबून ऐकेल.

सुदामानगरची_काकू:
जागेबद्दल सांगते. इअरफोन लावल्यावर थेरपिस्टचा आवाज लपतो, तुमचा नाही. याच्यात सगळे फसतात. दाराच्या बाहेरच्या बाजूला टेबल फॅन किंवा कूलर चालू ठेवा आणि स्वतः दारापासून सगळ्यात लांबच्या भिंतीकडे तोंड करून बसा. खोलीत पंखा लावायचा असेल तर तो माइकपासून दूर हवा. उभ्या केलेल्या गाडीत बसून बोलणं हिवाळ्यात चालतं. मे महिन्यात दुपारी काच लावून बसणं धोक्याचं आहे, ते करू नये. गच्चीवर शेजारचे कान असतात.

कुणी अचानक आत आलं तर काय, हे पहिल्याच भेटीत ठरवा. एक वाक्य पक्कं करायचं, जसं ‘हो, फाइल पाठवते’. ते ऐकलं की समोरची व्यक्ती ऑफिसचं बोलू लागते. माणसांची नावं चॅटमध्ये टाइप करा, पण व्हॉट्सअॅपवर नको. सेशनच्या अॅपमधलं चॅट वापरा. नोटिफिकेशन लॉक स्क्रीनवर दिसणार नाही असं सेटिंग करा. फी भरताना खातं सामाईक असेल तर स्टेटमेंटला नाव दिसतं, तेही आधीच लक्षात घ्या.

फोन हातात धरू नका. डब्यांवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा, उजेड तोंडावर पडू द्या. स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट बंद करा, सतत स्वतःकडे बघून माणूस थकतो. नेट तुटलं तर कुणी कुणाला फोन करायचा तेही ठरलेलं असू द्या, नाहीतर ४५ मिनिटांतली दहा ‘आवाज येतोय का’ मध्ये जातात.

विचारवही:
मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते दोन सेशनच्या मधल्या सहा दिवसांचं काम. नुसता आठवड्याचा पाढा वाचला की मोकळं वाटतं, पण झोप येत नाही ती नाहीच.

वहीत पाच रकाने आखा. नमुना असा. प्रसंग: रविवार रात्री ९, साहेबांचा मेसेज, ‘उद्या बोलू’. विचार: ‘नोकरी गेली.’ भावना: धास्ती, १०० पैकी ८०. पुरावा: मागच्या चार वेळा असा मेसेज आला तेव्हा काय काम निघालं होतं? पर्यायी विचार: ‘बहुतेक रिपोर्टचं असेल, नसलंच तर उद्या कळेल.’ पुन्हा मोजा: ५०. इथे लोक ‘सगळं छान होईल’ असं लिहितात आणि आकडा हलत नाही, कारण ते स्वतःलाच पटलेलं नसतं. पर्यायी विचार गोड नको, पटणारा हवा. आणि वही त्याच दिवशी भरा. सेशनच्या अर्धा तास आधी भरलेल्या वहीत सगळ्या भावना ६० ते ७० च असतात.

झोपेसाठी रोज उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीही. वीस मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही) की अंथरुणातून उठून मंद उजेडात खुर्चीवर बसा, झोप आली की परत. कारण पडून तळमळलं की अंथरूण आणि काळजी यांची मेंदूत गाठ बसते. चहातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणून चारनंतरचा चहा सोडा. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जागरण झालं तरी सकाळची वेळ मोडू नका. काळजीलाही वेळ नेमून द्या: संध्याकाळी साडेसहाला पंधरा मिनिटं, हातात पेन घेऊन.

लोकमान्यनगर_इंदूर:
खूप आभार. पण फायदा होत नाहीये हे कधी ओळखायचं? आणि औषधाचं काय?

रामबागकर:
पहिल्या सेशनला पीएचक्यू-९ नावाची, नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या. गुण ० ते २७, मागच्या दोन आठवड्यांबद्दल. दर चार आठवड्यांनी पुन्हा. पाच किंवा जास्त गुण उतरले तर सुधारणा खरी. सहा-आठ सेशननंतरही आकडा तिथेच असेल तर थेट विचारा, ‘पद्धत बदलायची का?’ चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावत नाही.

सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देत नाहीत, त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ. त्याआधी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, दोन्हींची कमतरता उदासीसारखीच दिसते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनानेच थांबवायच्या नाहीत. बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, तिथे जाण्यात कमीपणा नाही.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तिथे शून्याशिवाय काही आलं तर पुढच्या सेशनची वाट बघू नका, त्याच दिवशी थेरपिस्टला कळवा. रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, आणि भाषा निवडता येते. जीव धोक्यात असेल तर ११२, किंवा घरच्यांना उठवून सरळ एमवायला, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात.

सुदामानगरची_काकू:
१४४१६ आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, ताई. सासूबाईंच्या फोनमध्येही.